छायाचित्रांतील छाया

१८३९ सालीं सर जॉन हर्शेल या ज्योतिर्विदानें इंग्रजींत एक नवा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेंतील दोन शब्द जोडून तो सिद्ध झालेला असल्यामुळें त्याचा अर्थ 'प्रकाशानें लिहिणें' असा होतो. आणि 'फोटोग्राफी' हें नांव पुढें साऱ्या जगानें उचललें. आपल्या भाषेनें मात्र निराळीच वाट धरली. 'प्रकाशलेखन' हा शब्द कांहीं ठिकाणीं आढळतो खरा, पण लोकांच्या तोंडीं बसला तो 'छायाचित्र' हाच. ज्या वस्तूला युरोपियनांनीं उजेडाचें नांव दिलें, तिला आपण सांवलीचें दिलें. यांत कोणीं फार खोल विचार केला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु या कलेचा महाराष्ट्रांतील पावणेदोनशें वर्षांचा इतिहास पाहूं लागलों म्हणजे हें नांव न कळत बरोबर पडलें असें म्हणावेंसें वाटतें.

हा विषय आमच्या मनांत घोळूं लागला तो एका घरगुती निमित्तानें. नारायण पेठेंतील आमचा जुना वाडा पाडून तेथें आतां चार मजली इमारत उभी राहिली आहे. सामान हलवितांना माळ्यावरून जें कांहीं खालीं आलें त्यांत आमच्या आजीची एक तसबीर होती. मागच्या पुठ्ठ्यावर शाईनें 'शके १८५६' असें लिहिलेलें आहे. म्हणजे इसवी सन १९३४. आजी त्या वेळीं एकोणीस वर्षांची असावी. नऊवारी लुगडें, कानांत कुड्या, कपाळावर ठसठशीत कुंकूं, हात गुडघ्यांवर आणि नजर समोर. तसबीर पुसून आम्हीं भिंतीशीं टेकवून ठेविली, तों आमची मुलगी म्हणाली, "बाबा, पणजी फार रागीट होती का?"

आम्ही चमकलों. आजी आम्हांला चांगली आठवते. तिच्यासारखी हंसरी बाई आमच्या आळींत दुसरी नव्हती. एकदां हंसूं फुटलें कीं पदर तोंडाला लावून ती पुष्कळ वेळ हंसत राही, आणि कशाला हंसतों हें तिचें तिलाही सांगतां येत नसे. पण मुलीचेंही चुकलें नव्हतें. तसबिरींतली बाई खरोखरच कठोर दिसते. डोळ्यांच्या जागीं दोन काळ्या खांचा, नाकाची सांवली ओठावर उतरलेली, ओठ घट्ट मिटलेले. आणखी कांहीं वर्षांनीं, आजीला पाहिलेलें माणूस कोणी उरलें नाहीं म्हणजे, तिच्याविषयीं या घरांत उरणार ती एवढी तसबीर. आणि ती तर धडधडीत खोटें सांगते आहे. हें खोटें कोणाचें, याचा शोध घ्यावा असें आम्हांस वाटलें.

पहिला गुन्हेगार सूर्य. तसबिरीच्या मागल्या बाजूस तुळशीवृंदावनाचा कोपरा दिसतो. त्यावरून ती वाड्याच्या मधल्या चौकांत काढली हें उघड आहे. पुण्याच्या वाड्याचा चौक म्हणजे चारी बाजूंनीं बंद आणि वरून आभाळाला उघडा असा एक चौकोनी हौदच होय. बाजूचा प्रकाश सोपे अडवितात. जें ऊन येतें तें डोक्यावरून. सकाळीं आणि सायंकाळीं चौकांत सांवली असते, म्हणून छायाचित्रकारानें भरपूर उजेडाच्या लोभानें दुपारची वेळ धरली असली पाहिजे. डोक्यावरच्या प्रकाशांत कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालांचीं हाडें एवढीं उजळतात आणि डोळे भुंवयांच्या सांवलींत बुडतात. माणसाच्या मनाचा ठाव आपण डोळ्यांवरून घेत असतों. ते दिसेनासे झाले कीं समोरचा माणूस आपल्यापासून कांहींतरी लपवितो आहे किंवा आपल्यावर रागावला आहे, असें पाहणाऱ्यास वाटूं लागतें.

दुसरा गुन्हेगार ती कांच, जिच्यावर चित्र उमटलें. मनुष्याच्या डोळ्याला जे रंग दिसतात ते सारे रासायनिक लेप लावलेल्या कांचेला दिसतातच असें नाहीं. अगदीं आरंभींच्या कांचांना निळा व जांभळा एवढेच काय ते रंग उमगत. पुढें हिरवा व पिवळा यांची भर पडली, पण तांबडा रंग साध्या कांचांना पुष्कळ वर्षें काळोखासारखाच होता. सर्व रंग ओळखणारी कांच इंग्लंडांत १९०६ सालीं विक्रीस आली खरी. तरी किंमत व अडचणी पाहतां हिंडत्या छायाचित्रकाराच्या पेटींत ती सहसा नसे. परिणामीं आजीचें तांबडेंलाल कुंकूं डांबराच्या ठिपक्यासारखें काळें आलें, लुगडें काळें आलें, ओठ काळसर होऊन आवळल्यासारखे दिसूं लागले, आणि कातडीवरील तांबूस छटा जितकी होती तितका चेहरा सांवळा पडला. घरोघरींच्या जुन्या तसबिरी वाचकांनीं या दृष्टीनें एकदां पाहाव्या. आपल्या पणज्या-खापरपणज्या ज्या अभिमानानें कुंकूं लावून बसल्या तें सगळ्यांच्याच कपाळीं काळें उमटलें आहे.

ही विद्या महाराष्ट्रांत आली ती मुंबईच्या बंदरांतून. ऑक्टोबर १८५४ मध्यें तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पॅरिसमध्यें डागेरची कृति जाहीर होऊन तेव्हां अवघीं पंधरा वर्षें लोटलीं होतीं. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे दोघेही या संस्थेंत होते, व नारायण दाजी स्वतः चित्रें काढीत. पुढल्या वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या विषयाचा वर्ग निघाला. त्यांत शिकून हरिश्चंद्र चिंतामणि यांनीं मुंबईंत छायाचित्रकार म्हणून नांव मिळविलें. इंग्रजी राज्यांत इतर अनेक गोष्टी आपल्याकडे पन्नास पन्नास वर्षें उशिरां पोंचल्या. ही मात्र जवळजवळ ताजीच हातीं आली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

त्या काळची रीत म्हणजे ओल्या कांचेची. आर्चर या इंग्रजानें ती १८५१ सालीं प्रसिद्ध केली. कांचेवर कोलोडियनचा लेप द्यावयाचा, तो चांदीच्या क्षारांत बुडवावयाचा, आणि ओला आहे तोंच चित्र घेऊन धुवावयाचें. आपल्या उन्हाळ्यांत लेप पाहतां पाहतां सुके. चित्र उमटावयास कित्येक सेकंद लागत, म्हणून बसणाऱ्याच्या मानेमागें लोखंडी चिमटा उभा करीत. तितका वेळ हंसूं टिकविणें कोणास साधणार? तेव्हां त्या पिढींतील सर्वच थोर मंडळी आपणांस गंभीर भेटतात. गांभीर्य त्यांच्या स्वभावांत होतेंच, पण त्यांतला थोडा वांटा त्या चिमट्याचाही धरला पाहिजे.

चांगल्या चित्रशाळेंत प्रकाश घेण्याची व्यवस्था ठरलेली असे. उत्तरेच्या अंगास उतरतें कांचेचें छप्पर, त्याखालीं सरकते पडदे, कांहीं पांढरे, कांहीं गडद. उत्तरेकडून ऊन येत नाहीं, केवळ आकाशाचा शांत उजेड येतो, म्हणून चित्रकार पूर्वींपासून तीच दिशा पसंत करीत आलेले. हा नियम युरोपांतला. पुण्यास तो बारा महिने चालत नाहीं. आपलें गांव साडेअठरा अंशांवर असल्यामुळें मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेस असतो. तेव्हां विलायतेच्या पुस्तकाबरहुकूम बांधलेल्या चित्रशाळेंत ऐन लग्नसराईच्या दिवसांत उन्हाचा कवडसा थेट वधूवरांच्या तोंडावर पडावयाचा. पुस्तकी विद्या आणि आपला देश यांच्या भांडणांतील हें एक लहानसें उदाहरण आहे.

गंमत अशी कीं ज्याला आपण उत्तम चित्रशाळा म्हणूं ती प्रत्येक वाड्यांत आयती बांधलेली होती. चौकाच्या कडेनें जी ओसरी असते तिच्या कांठाला, छपराखालीं अगदीं पुढें, माणसाला बसवावें. डोक्यावरचें ऊन कौलें अडवितात. चौकांतल्या फरशीवर आपटून वर आलेला उजेड हनुवटीखालच्या व डोळ्यांतल्या सांवल्या हलक्या करतो. एका बाजूस चौक व दुसऱ्या बाजूस माजघराचा काळोख, त्यामुळें चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी हळूहळू मावळत जाणारी. हॉलंडांतील रेम्ब्रांट (१६०६ ते १६६९) आपल्या चित्रांत जो परिणाम साधी, म्हणजे दूरच्या गालावर उजेडाचा एक लहान त्रिकोण आणि बाकी छाया, तो ओसरीच्या कांठीं विनासायास मिळतो. आमच्या आजीला तीन हात मागें सरकवून ओसरीच्या पायरीवर बसविलें असतें तर मुलीनें तो प्रश्न विचारलाच नसता. परंतु छाया ही चूक आहे, ती जितकी टाळतां येईल तितकी टाळावी, ही समजूत त्या काळच्या गिऱ्हाइकाची आणि कारागिराची सारखीच होती. नाणें देऊन काढविलेल्या चित्रांत अर्धा चेहरा काळा कां म्हणून घ्यावा? अमेरिकेंतही निराळें नव्हतें. १९१५ सालीं सेसिल डिमिल यानें एका चित्रपटांत नटांचे अर्धेच चेहरे उजळले, तेव्हां चित्रपटगृहवाले अर्ध्या चेहऱ्याचे अर्धेच पैसे देतील अशी तक्रार त्याच्या भागीदारानें केली, आणि हा रेम्ब्रांटचा प्रकाश आहे असें डिमिलनें कळवितांच तोच माल दुप्पट भावानें खपला, असें त्यानें सांगून ठेविलें आहे. मोठ्या नांवाचा असा उपयोग आपल्याकडेही होतो.

दादासाहेब फाळके यांची सारी कारकीर्द सूर्याशीं बांधलेली. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें मुंबईचें कलाविद्यालय व बडोद्याचें कलाभवन पाहून गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा केला होता, तेव्हां उजेडाचें मोल त्यांना पुरतें ठाऊक होतें. १९१२ सालीं त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळानें एकेक चित्र घेऊन टिपली. आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. दिवसाचा उजेड हेंच त्यांचें भांडवल. पौराणिक कथेला तो शोभूनही दिसतो, कारण पुराणांतल्या व्यक्ति आपल्या मनांत नेहमीं लख्ख उजेडांतच वावरतात. अडचण पडे ती रात्रीची. त्या काळीं रात्र दाखवावयाची तर जगभर फीत निळ्या रंगांत बुडवीत आणि प्रेक्षकांनीं ती रात्र समजून घ्यावयाची, असा ठराव होता. आपल्या प्रेक्षकांना तो जड गेला नसावा. नाटकांत पडद्यावरचें अरण्य ते पिढ्यान्पिढ्या अरण्य मानीत आलेच होते.

छायेला महाराष्ट्रांत मान मिळवून दिला तो कोल्हापुराच्या बाबूराव पेंटर यांनीं. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवितां रंगवितां या माणसानें स्वतःच्या हातानें कॅमेरा घडविला. चित्रकाराला हें पक्कें ठाऊक असतें कीं उजेड कागदावर आधींच असतो, काढावयाची असते ती सांवली. 'सिंहगड' (१९२३) या मूकपटासाठीं त्यांनीं कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला. पण आमच्या मतें खरी क्रांति 'सावकारी पाश' (१९२५) मध्यें झाली. नारायण हरि आपट्यांच्या कथेवरील या चित्रांत सावकाराच्या कर्जापायीं जमीन गमावून शहराच्या गिरणींत जाणारा शेतकरी होता, आणि ती भूमिका व्ही. शांताराम नांवाच्या तरुणानें केली होती. रात्रीच्या अंधुक उजेडांतील एक झोंपडी व तिच्याजवळ ओरडणारें कुत्रें, असें एक दृश्य त्यांत होतें. चित्र मुकें, कुत्र्याचा आवाज येणार नाहीं. तो आवाज पाहणाऱ्याच्या कानांत उमटविण्याचें काम एकट्या काळोखानें केलें. गरिबाच्या घरांत दिवा नसतो ही साधी गोष्ट लखलखीत उन्हांत कशी सांगणार? दारिद्र्य दाखविण्यासाठीं अंधार दाखविण्याचें धैर्य आपल्याकडे प्रथम या कोल्हापूरकरानें केलें, असें आम्हांस वाटतें.

मग बोलपट आला आणि त्यानें सूर्याला घरांतून हांकलून दिलें. १९३१ चा 'आलम आरा' मुंबईंत आगगाडीच्या रुळांजवळच्या जागेंत तयार झाला, म्हणून गाड्या थांबल्यावर मध्यरात्रीनंतर दिव्यांच्या उजेडांत ध्वनिमुद्रण करावें लागे. पूर्वींचे कमानी दिवे प्रखर असत पण गुणगुणत. ती गुणगुण ध्वनियंत्रांत शिरूं लागल्यावर तारेच्या दिव्यांचें महत्त्व वाढलें. तारेच्या दिव्यांत निळा प्रकाश थोडा व तांबडा फार, म्हणून तांबडें ओळखणारी फीत आवश्यक झाली. एका गरजेंतून दुसरी अशी ही सांखळी आहे. मौज ही कीं या नव्या फितीला तांबडा रंग उजळ दिसे. म्हणजे जें कुंकूं जुन्या कांचेवर डांबरासारखें येई, तेंच आतां काळजी न घेतल्यास गोऱ्या कपाळांत मिसळून पुसट व्हावयाचें.

विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर व सीताराम कुलकर्णी यांनीं १९२९ सालीं कोल्हापुरास काढलेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्यें पुण्यास आली. त्याच वर्षीं शांताराम जर्मनीस जाऊन आले होते. तेथील चित्रपटांत महायुद्धानंतर एक निराळीच प्रकाशपद्धति वाढली होती. भिंतींवर मनुष्यापेक्षां त्याची सांवली मोठी, आणि मनांतलें भय बाहेर वस्तूंवर पसरलेलें. पुण्यांत तयार झालेला प्रभातचा पहिला बोलपट 'अमृतमंथन' १९३४ सालीं आला तो ही पद्धति घेऊन. यज्ञांतील पशुवध बंद करणाऱ्या राजाविरुद्ध राजगुरु कारस्थान रचतो अशी कथा, छायालेखक धायबर. हिंदी आवृत्तींत राजगुरु झालेल्या चंद्रमोहन यांच्या एका डोळ्यानें सारा पडदा व्यापून टाकणारें जें दृश्य आहे, तें पाहिलेल्या मनुष्यास दुसरें कांहीं आठवो न आठवो, तो डोळा आठवतो. मराठी आवृत्तींत तीच भूमिका केशवराव दात्यांची. गुहेसारखा काळोख, त्यांत आगीचा उजेड, आणि त्या उजेडांत अर्धवट सांपडलेला धर्माधिकारी. तो खलपुरुष आहे हें कळण्यासाठीं त्यानें तोंड उघडण्याची आवश्यकताच उरत नाहीं.

येथें आम्हांस भरताच्या नाट्यशास्त्राची आठवण होते. त्यांत प्रत्येक रसाला एकेक रंग वांटून दिला आहे: भयानकाला काळा, हास्याला पांढरा, रौद्राला तांबडा, आणि करुणाला कपोताचा, म्हणजे पारव्याचा करडा. काळ्यापांढऱ्या चित्रपटाजवळ तांबडा नव्हता, पिवळा नव्हता. पण काळा, पांढरा आणि पारव्याचा करडा हे तीन रंग होते, आणि या तिहींवर प्रभातनें केवढा संसार थाटला! 'अमृतमंथन' काळ्याचा. १९३६ चा 'संत तुकाराम', ज्याचा पुढल्या वर्षीं व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवांत गौरव झाला, तो पांढऱ्याचा. देहूच्या अंगणांत पडावा तसा साधा, सारखा उजेड, ज्यांत तुकोबाही स्पष्ट आणि जिजाईची आदळआपटही स्पष्ट. तेथें छायांचा खेळ केला असता तर अभंगांत अलंकार घुसडल्यासारखें झालें असतें, हें दामले-फत्तेलालांनीं ओळखलें. आणि १९३७ चा 'कुंकू' पारव्याचा. याचेही छायालेखक 'तुकाराम'चेच व्ही. अवधूत होते, हें विशेष. म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधलेली नीरा आणि तिला फसवून आणल्याची टोंचणी लागलेले काकासाहेब, असे दोघे एका जुन्या घरांत कोंडलेले. पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. घड्याळाचे ठोके आणि घरांतले आवाज. उजेडही तसाच, घरांत जेवढा शिरतो तेवढा. काकासाहेब झालेले नट पुन्हां केशवराव दातेच. तीन वर्षांपूर्वीं ज्या चेहऱ्याची आगीच्या उजेडांत प्रेक्षकांना भीति वाटली, त्याच चेहऱ्याची आतां खोलीच्या करड्या उजेडांत कींव येऊं लागली. नटाची थोरवी आहेच. परंतु प्रकाशाचें श्रेय आपण द्यावयास विसरतों. आजी 'कुंकू'विषयीं बोलत असे. शांता आपट्यांचें काम तिला फार आवडलें होतें. "पण वाईट वाटलें तें म्हाताऱ्याचें," असें ती पदर सांवरीत सांगे, तेव्हां त्यांत अवधूतांचाही हात आहे हें तिलाही ठाऊक नव्हतें आणि आम्हांलाही.

प्रकाशाच्या शास्त्रावरील पुस्तकांत एक नियम छापलेला असतो: खालून येणारा उजेड चेहरा भेसूर करतो. चित्रपटांतलीं भुतें याच नियमानें उजळलेलीं असतात. आम्ही वर्षानुवर्षें हा नियम मानीत आलों. पण नारायण पेठेंतल्या वाड्याचा विचार करूं लागल्यावर त्याबद्दल शंका येऊं लागली. विजेचे दिवे येण्यापूर्वीं आपल्या घरांत दिवा असे तो खालींच. देवघरांत समई जमिनीवर, माजघरांत कंदील जमिनीवर. रामरक्षा म्हणतांना, गोष्टी ऐकतांना, पानावर बसतांना, आईचा चेहरा मुलांनीं पाहिला तो खालून उजळलेला. त्यांना भीति वाटली नाहीं. सावळाराम हळदणकरांनीं १९४५ च्या सुमारास आपल्या मुलीस दिवा हातीं देऊन जें प्रसिद्ध जलरंगचित्र काढलें, जें म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे, त्यांतही उजेड खालूनच येतो. दिव्याआड धरलेल्या तळव्यावरून तो चेहऱ्यापर्यंत चढतो, आणि पाहणाऱ्याला देवघराची आठवण होते, स्मशानाची नव्हे. तेव्हां अमुक दिशेचा प्रकाश म्हणजे अमुक भाव, हें गणित सर्व देशांस सारखें लागू नाहीं. ज्या घरांत दिवे छताला टांगतात तेथें खालचा उजेड परका, म्हणून भयंकर. आपल्याकडे तो घरचा होता. गेल्या शंभर वर्षांत छताचे दिवे पाहून पाहून आपणही परक्यांच्या डोळ्यांनीं पाहावयास शिकलों.

हल्लींच्या काळांत तर सांवली नाहींशीच करण्याचा सपाटा चालला आहे. मॅग्नेशियमच्या भुकटीचा भपका १८८७ सालीं जर्मनींत निघाला, १९२९ मध्यें कांचेच्या गोळ्यांतला दिवा आला, आणि आतां खिशांतल्या दूरध्वनीला तो जोडलेला असतो. आमच्या पुतणीच्या मंगळागौरीस घरच्या बायकांनीं हौसेनें विजेचे दिवे मालवून समया लावल्या. इतक्यांत बोलाविलेल्या छायाचित्रकारानें आपला पांढराशुभ्र दिवा उभा केला. चित्रें आलीं तीं अशीं कीं सर्वांच्या चेहऱ्यांना भिंतीबरोबर चुना दिला असावा. त्या बिचाऱ्यास दोष तरी काय द्यावा? चेहरे स्पष्ट यावे अशीच आपली आज्ञा असते. दूरध्वनींतलें यंत्र तर आपल्याला न विचारतां एका क्षणांत अनेक चित्रें घेतें, त्यांचें मिश्रण करतें आणि काळोखांतलें सारें उजेडांत आणून ठेवतें. सोय मोठी आहे, नाहीं असें नाहीं. पण 'सावकारी पाशां'तली झोंपडी या यंत्रानें टिपली असती तर तेथें एक झोंपडी आणि एक कुत्रें एवढेंच दिसलें असतें.

आजीच्या तसबिरीची हकीकत राहिली. तिची नक्कल करवून घ्यावी म्हणून आम्हीं ती चौकटींतून बाहेर काढविली. चौकटीच्या लांकडाखालीं कडेची अर्धाएक इंच पट्टी इतकीं वर्षें झांकलेली होती. त्या पट्टींत एक पांढरा तुकडा दिसला. प्रथम आम्हांला तो डाग वाटला. मुलीनें भिंग आणून पाहिलें. तें धोतर होतें, ताणून उभें धरलेलें, आणि वरच्या टोंकाशीं धरणाऱ्याचीं चार बोटें. एका बोटांत चौकोनी खड्याची अंगठी आहे. ती अंगठी आमच्या कपाटांत आहे, आजोबांची. छायाचित्रकारानें सांगितलें म्हणून असो कीं स्वतःला सुचलें म्हणून असो, बायकोच्या तोंडावर थोडा उजेड पडावा यासाठीं ते भर दुपारीं, वडीलधाऱ्यांच्या देखत, चौकांत धोतर धरून उभे राहिले होते. १९३४ सालच्या नारायण पेठेंत ही गोष्ट लहान नव्हती. धोतर जरा दूर पडलें आणि जरा खालीं, त्यामुळें डोळ्यांतला काळोख कांहीं गेला नाहीं. पण आतां पाहिलें म्हणजे आजीचा त्या बाजूचा गाल दुसऱ्यापेक्षां किंचित् उजळ दिसतो. आणि मुलीचें म्हणणें असें कीं ओठ रागानें मिटलेले नाहींत, हंसूं दाबून धरलेलें आहे.

नवी चौकट करावयास दिली आहे. कडेची पट्टी झांकूं नको, म्हणून कारागिरास दोनदां बजावून सांगितलें आहे.